माती चव देत नाही, मग काय देते?

सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेल्मोन्ट नावाच्या फ्लेमिश वैद्याने एक सरळसाधा प्रयोग केला. मोठ्या कुंडीत भट्टीत वाळवलेली 200 पौंड माती भरली आणि तीत 5 पौंड वजनाचं विलोचं रोप लावलं. धूळ पडू नये म्हणून वरून भोकं पाडलेला पत्रा झाकला. पुढची पाच वर्षं पाण्याशिवाय काहीही घातलं नाही, आणि पाणीही पावसाचं किंवा ऊर्ध्वपातित. शेवटी झाड उपटून तोललं, तर ते 169 पौंडांवर गेलं होतं. मग माती पुन्हा वाळवून तोलली. घट होती अवघी 2 औंस, म्हणजे 57 ग्रॅमच्या आसपास.

हे सगळं त्याच्या मृत्यूनंतर 1648 मध्ये छापून आलं. झाड पाण्याचंच बनतं, असा त्याचा निष्कर्ष होता आणि तो चुकला. झाडाचा बराचसा जीव हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो. गंमत म्हणजे ‘गॅस’ हा शब्द त्यानेच रूढ केला आणि कोळसा जळताना निघणारा हा वायू त्याला ठाऊकही होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

हा जुना प्रयोग आज काढायचं कारण वेगळं आहे. ‘जिवंत मातीतली भाजी चविष्ट लागते’ हे वाक्य आता इतक्यांदा ऐकू येतं की ते खरं कसं असेल, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. आणि हेल्मोन्टची कुंडी पाहिली तर ते खोटंच वाटायला हवं. भाजीतलं पाणी काढून टाकलं की उरलेल्या वजनाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा, म्हणजे हवा आणि पाण्याचा. टोमॅटोचा गोडवा ही साखर, आंबटपणा म्हणजे सायट्रिक आणि मॅलिक आम्ल, वास म्हणजे हवेत उडून जाणारी कितीतरी रसायनं. ही सगळी झाडाने स्वतः, उन्हाच्या जोरावर बनवलेली. मातीत साखर नसते आणि मूळ टोमॅटोचा वास शोषत नाही. मातीचा कणही न वापरता, नुसत्या क्षारांच्या पाण्यावर चांगल्या चवीचा टोमॅटो पिकवता येतो, हेही सिद्ध झालेलं आहे.

मग चांगल्या मातीतल्या भाजीत फरक जाणवतो तो कुठून येतो? माझ्या मते सगळी गोष्ट त्या 2 औंसांत आहे. त्यात काय होतं, ते झाडाला कधी मिळालं आणि कुठल्या वेगाने मिळालं, यात.

2 औंसांचा हिशेब

त्या दोन औंसांत नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक, लोह, जस्त अशी मंडळी होती. चवीच्या बाबतीत यातलं सगळ्यात वजनदार नाव नत्राचं.

झाडाला एकदम भरपूर नत्र मिळालं की ते पानांनी बनवलेली साखर घेतं, नत्राला जोडतं आणि प्रथिनं, म्हणजेच नवी वाढ, तयार करत सुटतं. बांधकामावर विटांचा ढीग येऊन पडला की गवंडी भिंती चढवत राहतो, गिलावा आणि रंगकाम मागे पडतं, तसं. पेशी मोठ्या होतात, भिंती पातळ राहतात, आत पाणी भरतं. पालेभाजी हिरवीगार, तुकतुकीत दिसते, पण तिच्यात नायट्रेट, म्हणजे नत्राचंच एक रूप, साठलेलं असतं आणि क जीवनसत्त्व सहसा कमी भरतं. मावा या रस शोषणाऱ्या किडीला अशी कोवळी, अमिनो आम्लांनी भरलेली पानं फार आवडतात. म्हणून नत्राचा मारा केलेल्या पिकावर कीड आधी येते आणि मग फवारणी मागोमाग येते.

याउलट नत्र थोडं हात राखून मिळालं, तर साखर शिल्लक राहते. त्या शिलकीतून झाड रंगद्रव्यं, वासाची तेलं, किडीला नकोशी वाटणारी तुरट-कडू द्रव्यं बनवतं. आपण ज्याला चव म्हणतो त्यातलं बरंच काही झाडाने आपल्यासाठी नाही, स्वतःच्या संरक्षणासाठी केलेलं असतं.

पालाश पानातली साखर फळापर्यंत पोचवायला मदत करतो. त्याची कमतरता असली की टोमॅटो एकाच वेळी बेरंग आणि बेचव होतो. आणि गंधकाचं प्रकरण तर अगदी उघड आहे. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी काढणारी रसायनं गंधकाची. ज्या मातीत गंधक कमी, तिथला कांदा सौम्य आणि गोडसर लागतो, कारण गोडवा झाकायला तिखटपणाच नसतो. मोहरी, मुळा, कोबी यांचा झणझणीतपणाही गंधकावरच उभा आहे. मातीतली वस्तू जवळजवळ थेट जिभेवर येते, अशी माझ्या माहितीतली ही सगळ्यात ठळक गोष्ट.

आता इथे एक घाई टाळायला हवी. ‘कमी द्या, हळू वाढवा, चव येईल’ असा सोपा नियम काढला तर मुळा तोंडावर पडतो. रखडत वाढलेला मुळा जून आणि नको इतका तिखट होतो. तहानलेली काकडी कडू होऊ शकते, कारण ताणाखाली तिच्यात कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य वाढतं. टोमॅटोला पिकताना पाण्याचा हलकासा ताण बसला तर साखर दाटते, पण तोच ताण पालेभाजीला कडवट करून टाकतो. अति तिथे माती हे खरंच, पण कमी तिथेही मातीच. भाजीला हवा असतो एकसारखा पुरवठा, धक्का न बसणारा. आणि हा पुरवठा सांभाळायला शेतात नोकर ठेवावे लागत नाहीत. ते आधीच तिथे असतात, कोट्यवधींनी.

मुळाशी कोण कोणाला खातं

चांगली माती हातात घेतली तर तिचा निम्माच भाग घन असतो. उरलेला निम्मा म्हणजे पोकळ्या, आणि त्यांत पाणी आणि हवा साधारण सारखी वाटून राहिली की ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती येते. घन भागात सेंद्रिय पदार्थ अगदी थोडे, चांगल्या जमिनीत पाच टक्क्यांच्या आसपास. पण अशा एका ग्रॅम मातीत कित्येक कोटी, कधी अब्जाच्या घरात जिवाणू असतात. आणि ते सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, त्यांची गर्दी मुळांभोवती असते. मुळालगतच्या या पट्ट्याला 1904 मध्ये लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने ‘रायझोस्फिअर’ असं नाव दिलं.

गर्दी का? कारण तिथे फुकट जेवण आहे. झाड दिवसभर उन्हात राबून साखर बनवतं आणि तिचा बऱ्यापैकी हिस्सा मुळांवाटे बाहेर सोडतं: साखरा, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं. जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि झपाट्याने वाढतात.

बहुतेक लेख इथे थांबतात आणि म्हणतात, ‘मग जिवाणू झाडाला अन्नद्रव्यं देतात.’ देत नाहीत. जिवाणू महाकंजूष असतात. आजूबाजूचं नत्र ओढून ते स्वतःच्या शरीरात कोंडतात. इथपर्यंत झाडाचा व्यवहार शुद्ध तोट्याचा आहे: साखरही गेली, नत्रही गेलं.

कलाटणी पुढे आहे. या जिवाणूंना खायला अमीबासारखे आदिजीव येतात, डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी येतात. जिवाणूच्या शरीरात साधारण पाच भाग कार्बनला एक भाग नत्र असतं. खाणाऱ्याला स्वतःच्या शरीरासाठी तितकं नत्र लागत नाही, शिवाय खाल्लेल्या कार्बनचा मोठा भाग तो ऊर्जेसाठी जाळतो. म्हणजे प्रत्येक घासाला नत्र उरतं. ते तो अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतो, आणि टाकतो कुठे, तर मुळाच्या दारातच. जिवाणू ही खताची शिवलेली पोती आणि आदिजीव ती उसवणारे हमाल. पोती कितीही असली आणि हमालच नसले, तर झाड उपाशी. सूत्रकृमी म्हटलं की आपल्याला मुळांवर गाठी आणणारेच आठवतात, पण मातीतले बरेचसे सूत्रकृमी पिकाच्या वाटेलाही जात नाहीत.

आता या व्यवस्थेचा वेग कशावर ठरतो ते पाहा. ऊन चांगलं पडलं, पानांत साखर भरपूर झाली, की मुळांतून जास्त सांडते, जिवाणू वाढतात, त्यांना खाणारे वाढतात, नत्र सुटतं. थंडी पडली, झाड मंदावलं, की मातीतलं हे सगळं राहाटगाडगंही मंदावतं. झाडाची भूक आणि मातीचा हात साधारण एकाच लयीत चालतात. क्षारांच्या पाण्यावर टोमॅटो पिकवणारा माणूस यंत्रं लावून, दर काही तासांनी मोजमाप करून जे साधतो, तेच जिवंत माती आपल्या ढोबळ पद्धतीने करत असते. पोत्यातून एका दिवशी टाकलेल्या युरियाला ही लय नसते. तो काही दिवसांत अमोनियम होतो, अमोनियमचं जिवाणू नायट्रेट करतात आणि पाण्याबरोबर ते मुळांना गाठतं किंवा मुळांखाली निसटतं.

ही लय अचूक असते असं मात्र नाही. शेत मोकळं असतानाही जमीन उबदार आणि ओली असेल तर नत्र सुटत राहतं आणि पावसात वाहून जातं. हंगामाच्या सुरुवातीला थंड जमिनीत रोपं भुकेली उभी असतात आणि मातीला अजून जाग आलेली नसते. अशा वेळी निव्वळ सेंद्रिय खतांवर भाजी करणाऱ्याची खरी परीक्षा होते.

जिवाणूंचा कंजूषपणा मी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. सुताराकडचा लाकडाचा भुसा आणून एका वाफ्यात छान मिसळला आणि पालक पेरला. पालक उगवला, दोन बोटं वाढला आणि पिवळा पडून बसला. भुशात एका भाग नत्रामागे कार्बन काही शे भाग असतो. जिवाणूंना मानवतं ते साधारण चोवीसास एक हे प्रमाण. इतका कार्बन पचवायला लागणारं नत्र त्यांनी मातीतून उचललं, पालकाच्या ताटातून. तोच भुसा न मिसळता वर नुसता पसरला असता तर फारसं बिघडलं नसतं. चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि अर्धकच्चा काडीकचरा यांतला फरक मला त्या पालकाने शिकवला.

बुरशीशी सौदा

नत्र निदान पाण्यासोबत फिरतं. स्फुरद जागचा हलत नाही. मुळाभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा एकदा चाटूनपुसून झाला की पलीकडे स्फुरद असूनही मुळाचा हात पोचत नाही. तिथे बुरशी कामाला येते. 1885 मध्ये आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी मूळ आणि बुरशीच्या या जोडीला ‘मायकोरायझा’ म्हटलं, पण जोडी फार जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या रायनी इथल्या सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत अशा बुरशीचे ठसे सापडले आहेत. तेव्हा झाडांना धड मुळंही फुटलेली नव्हती.

बुरशीचे धागे केशमुळांपेक्षाही बारीक, काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे. मूळ शिरू शकत नाही अशा फटींत ते शिरतात आणि स्फुरद, जस्त घेऊन येतात. बदल्यात झाडाच्या साखरेचा 4 ते 20 टक्के हिस्सा घेतात. टोमॅटो, मिरची, वांगं, गाजर, घेवडा, सगळे या सौद्यात आहेत. कांदा तर पुरता अवलंबून, कारण त्याची मुळं जाड, आखूड आणि जवळपास केसांविना. पण कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक आणि बीट या सौद्यात नाहीतच. त्यांची मुळं या बुरशीला घरात घेत नाहीत. त्यामुळे कोबीसाठी कुणी मायकोरायझाची पुडी विकत घेत असेल, तर ते पैसे अक्षरशः मातीत गेले.

या सौद्यात झाड भोळं नाही. जमिनीत स्फुरदाचं खत भरपूर असेल तर ते बुरशीला साखर देणं आवरतं घेतं. फुकट मिळतंय तर विकत कशाला घ्यायचं? म्हणून वर्षानुवर्षं स्फुरद ओतलेल्या जमिनीत बुरशी रोडावते आणि तिच्याबरोबर जस्त आणून देणारा हातही जातो. चवीवर या बुरशीचा थेट परिणाम होतो का? तुळशीच्या जातीतल्या बेसिलवर झालेल्या काही प्रयोगांत वासाचं तेल वाढलेलं दिसलं आहे. टोमॅटोत कुठे फरक पडला, कुठे पडला नाही. जे आहे ते इतकंच. ‘बुरशीने भाजी गोड होते’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहावं.

द्विदल पिकांच्या मुळांवरच्या, हवेतलं नत्र पकडणाऱ्या गाठींबद्दल सगळ्यांनाच ठाऊक आहे, तेव्हा एकच सांगतो. गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी असेल तर कारखाना चालू आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं द्रव्य तिथे प्राणवायू सांभाळत असतं. पांढरी किंवा हिरवट असेल तर नत्र पकडलं जात नाही.

भुसभुशीतपणा कुठून येतो

सूक्ष्मजीवांच्या चिकट स्रावांनी आणि बुरशीच्या धाग्यांनी मातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि रवाळ, भुसभुशीत पोत तयार होतो. गांडुळं त्यात बोगदे पाडतात. त्यांच्यावर चार दशकं नजर ठेवून असलेल्या चार्ल्स डार्विनने 1881 मध्ये लिहिलं की अनेक ठिकाणी ती दरवर्षी एकरी दहा टनांहून जास्त माती पोटातून काढून वर आणून टाकतात.

या पोताचा चवीशी संबंध पाण्यातून येतो. रवाळ माती पाऊस पिते, धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. घट्ट माती आज चिखल असते आणि चार दिवसांनी दगड. टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तेव्हा लोक कॅल्शियम शोधायला धावतात. पुष्कळदा कॅल्शियम मातीत असतंच, पण पाणी कधी महापूर कधी दुष्काळ असं आल्यामुळे ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. टोमॅटो तडकतो तेही असंच. दाबल्या गेलेल्या जमिनीत गाजराला दोन पाय फुटतात.

ही रचना मोडण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे वारंवार खोल नांगरट. नांगरल्यावर पीक तरारतं हे खोटं नाही. ढेकळांत लपलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडतो, हवा लागते, जिवाणू तो फडशा पाडून खातात आणि नत्र सुटतं. पण हे मुद्दल मोडून खाणं आहे. आणि मुद्दल भरायला काळ लागतो. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड इथे 1843 पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथे ज्या तुकड्याला दरवर्षी हेक्टरी 35 टन शेणखत मिळत आलं, त्याच्या मातीत काहीच न मिळालेल्या तुकड्याच्या अडीच-तीनपट सेंद्रिय कर्ब (कार्बन) आहे. 35 टन, दरवर्षी, पिढ्यानपिढ्या. त्याच प्रयोगात रासायनिक खतांवरच्या तुकड्यांनीही शेणखताच्या तोडीचं पीक दीर्घकाळ दिलं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. खताचं पोतं म्हणजे विष नव्हे. ते मातीतल्या मंडळींना जेवू घालत नाही, एवढाच त्याचा दोष.

त्या मंडळींना काय लागतं? अंगावर पांघरूण म्हणजे आच्छादन, चांगलं कुजलेलं खत, कमीत कमी उलथापालथ आणि वर्षातले जास्तीत जास्त दिवस जमिनीत एखादं जिवंत मूळ. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. मुळातून साखर सांडली नाही तर वरची सगळी कथा सुरूच होत नाही.

माती कितपत जिवंत आहे हे बघायला प्रयोगशाळा लागतेच असं नाही. वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात, पाण्यात अलगद सोडा. चांगली बांधलेली माती बराच वेळ आकार धरून राहते, मरगळलेली काही मिनिटांत विरघळून तळाशी बसते. किंवा शुद्ध सुती कापडाचा तुकडा वीतभर खोल पुरा आणि दोन महिन्यांनी उकरा. जितकं कमी कापड हाती येईल तितकं बरं.

आणि हे सगळं केल्यावरही टोमॅटो बेचव निघू शकतो, कारण वाण आणि काढणीची वेळ यांचा शब्द मातीच्या वरचा आहे. 2017 मध्ये संशोधकांनी टोमॅटोच्या सुमारे 400 वाणांचा अभ्यास केला, तेव्हा आधुनिक वाणांत चवीशी निगडित 13 रसायनं जुन्या वाणांपेक्षा कमी आढळली. वजन, टणकपणा, टिकाऊपणा यांसाठी निवड होत गेली आणि वास घेऊन बघायचं राहून गेलं. जी चव बियाण्यातच नाही ती कुठली माती आणणार?

राहता राहिला मातीचा वास. पहिल्या पावसात येतो तो, किंवा कुदळ मारल्यावर. त्यातला मुख्य घटक जिओस्मिन, आणि तो बनवणारे स्ट्रेप्टोमायसीस जातीचे जिवाणू. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये याच कुळातून हाती आलं. आपलं नाक जिओस्मिन लाख कोटी भागांत काही भाग इतक्या सूक्ष्म प्रमाणातही ओळखतं. बीट खाताना मातकट वास येतो, तोही जिओस्मिनचाच. निदान ही एक भाजी तरी मातीची चव उचलत असेल असं वाटलं होतं. पण पूर्ण निर्जंतुक वातावरणात, एकही जिवाणू आसपास नसताना वाढवलेल्या बीटच्या रोपांतही जिओस्मिन सापडलं आहे. म्हणजे मातीचा वाससुद्धा बीट घरीच करतं असं दिसतं.